गाईला कळलं ते

चन्नवीरगौडांच्या गाडीवरून दोन वर्षांत चार ड्रायव्हर गेले, आणि चौघांचा गुन्हा एकच होता. त्यांना गाडीतलं काहीतरी कळत होतं.

पहिल्याने ब्रेक घासल्याचं सांगितलं. गौड म्हणाले, "मला आवाज येत नाही, तुला बरा येतो?" दुसऱ्याने टायरमध्ये हवा जास्त भरली जातेय असं सांगितलं, तेही पंपावर, चार माणसांत. तिसऱ्याने तर कहर केला. गाडी धक्के खात होती म्हणून गौडांनी 'प्लग साफ कर' असा हुकूम सोडला, तर हा शहाणा म्हणतो, "साहेब, डिझेलच्या गाडीला तसला प्लग नसतोच की." त्याच संध्याकाळी त्याची पिशवी फाटकाबाहेर होती. चौथा मागच्या दसऱ्याला गेला. गावाकडे जाताना पंक्चर झालं, स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. हे त्याने आठ दिवस आधीच गौडांच्या कानावर घातलं होतं आणि रस्त्यात त्याची आठवण करून दिली. पंक्चर एक वेळ माफ झालं असतं, आठवण झाली नाही.

हा सगळा इतिहास फकीरप्पाला पहिल्याच दिवशी बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंनी भाकरी वाढता वाढता सांगितला. फकीरप्पाने अठरा वर्षं कापसाचे ट्रक हाकले होते. इंजिनाचा नुसता खोकला ऐकून दुखणं कुठं आहे ते तो सांगायचा. ते सारं ज्ञान त्याने गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं आणि ठरवलं की या घरात आपण ठोंब्या. गौडांनी काही विचारलं की तो आधी आभाळाकडे बघायचा, मग म्हणायचा, "तुम्ही म्हणता तसंच असणार, साहेब." प्लग साफ करायचा हुकूम तीनदा आला. तिन्ही वेळा त्याने बॉनेट उघडून, पाच मिनिटं आत डोकं घालून, नसलेला प्लग साफ केला. गौड खूश होते.

ठोंब्या होण्याला कारण होतं. गौडांनी त्याला तीन महिने बोलीवर ठेवलं होतं आणि ते तीन महिने नेमके दसऱ्याला संपत होते. नोकरी पक्की झाली की बंगल्यामागची खोली मिळणार होती. मग बायको होळेव्वा आणि पोरगी हुबळीला येणार होत्या. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पोरगी सातवी पास होऊन जूनपासून घरात बसली होती आणि मिरच्या खुडायला जात होती. हुबळीतल्या एका शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, दिवाळीनंतर आणा, बसवून घेतो. तेव्हा फकीरप्पाचं सगळं त्या खोलीवर अडलं होतं.

खुद्द चन्नवीरगौड म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले मोठे इंजिनिअर. त्यांनी जन्मभर कालवे बांधले. कालव्यांत पाणी आलं नाही, पण ती पाण्याची चूक. इंजिनिअर या शब्दात इंजिन येतं, तेवढ्या नात्यावर ते गाडीवर हक्क सांगत. फोनवर आलेली माहितीची चित्रं ते न चुकता वाचत आणि 'रस्त्यात गाडी बिघडल्यास काय करावे' या विषयावर जेवणाच्या ताटावर तासभर बोलत. बायको नीलक्का ऐकून घेत. त्यांना तीस वर्षांचा सराव होता.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, आणि ती गौडांच्या मानाला शोभेल अशी झाली. चाकांखाली चार लिंबं चिरडली, कोहळा फोडला. पण खरी शोभा पुढच्या तोंडाला. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे केळीचे खांब, त्यांची रुंद पानं मध्ये वळवून जाळीवर घट्ट दाबलेली, त्यावर आंब्याचे टाळे, त्यावर उसाचे शेंडे, आणि सगळ्यांवर मांडीएवढा जाड झेंडूचा हार. वाऱ्याने उडू नये म्हणून गौडांनी स्वतः उभं राहून ते तारेने आवळून घेतलं होतं. पूजा करणारे अय्यनवरू जाताना बजावून गेले, "उद्या गावात बन्नीची, म्हणजे शमीची, फांदी तोडेपर्यंत यातल्या एका पाकळीलाही माणसाचा हात लागता कामा नये. लागला तर घराला बरं नाही."

"ऐकलंस?" गौडांनी फकीरप्पाला विचारलं. "एका पानाला हात लागला की तू त्याच पावली घरी."

फकीरप्पाने जाळीकडे पाहिलं. गाडीचं नाकच बांधून टाकलं होतं. वारा आत जायला बोटभर फट नव्हती. उद्या गावापर्यंत ऐंशी किलोमीटर, ऑक्टोबरचं ऊन आणि एसी. तो आभाळाकडे बघून म्हणाला, "झकास दिसतंय, साहेब."

दसऱ्याला दुपारी दीडला ते निघाले. पाचच्या आत गावात पोहोचायलाच हवं होतं. बन्नीची पहिली फांदी तोडायचा मान हिरेगौडर घराण्याचा, पण घराण्यात दोन घरं. थोरलं चन्नवीरगौडांचं, धाकटं चुलतभाऊ अंदानगौडांचं. थोरलं घर हजर नसेल तर धाकट्याने तोडायची. मागच्या वर्षी चन्नवीरगौड पंक्चर घेऊन रस्त्यात बसले होते, तेव्हा अंदानगौडांनी फांदी तोडली आणि वर्षभर प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगितली. पंचक्रोशीत नाक कापलं गेलं. या खेपेला उशीर झाला असता तर त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जाणार, हे फकीरप्पाला कुणी सांगायला नको होतं.

पस्तीस किलोमीटर बरे गेले. दोन्ही बाजूंना काळं रान, फुटू लागलेला कापूस. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या गाड्या सजलेल्या, पण असं जंगल कुणाच्याच तोंडावर नव्हतं. लोक वळून बघत आणि गौड काच खाली करून त्यांना बघू देत. मग अण्णिगेरी मागे पडल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा हलला. आधी मध्यावरून जरा वर, मग आणखी वर.

फकीरप्पाने हळूच एसी बंद केला. काटा थबकला, पुन्हा चढू लागला. तेव्हा त्याने ट्रकवाल्यांचा जुना उपाय केला. हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची धग निदान आत तरी निघून येते. आत तर अशी आली की भट्टीचं दार उघडावं.

"काय रे, एसीतून गरम हवा येतेय!" गौड ओरडले.

"ऊन फार आहे, साहेब."

"उन्हाने एसी गरम होतो होय?"

"तुम्हीच सांगा साहेब, मला काय कळतंय."

यावर गौडांना सांगणं भाग पडलं. ते म्हणाले, एसीचा गॅस उन्हात फुगतो आणि उलटा वाहतो. मागे नीलक्का पदराने वारा घेत होत्या. त्यांनी दोन सीटांमधून एकदा फकीरप्पाच्या हाताकडे पाहिलं, जिथे हीटरचं बटण होतं तिथे, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

शेवटी लाल दिवा लागलाच. फकीरप्पाने गाडी कडेला एका बाभळीखाली घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती. पावणेतीन झाले होते.

"प्लग!" गौड उतरता उतरता म्हणाले.

"करतो साफ, साहेब."

तो प्लग साफ करत असताना गौड रेडिएटरचं झाकण फिरवायला धावले. उकळतं पाणी तोंडावर आलं असतं तर बन्नी हॉस्पिटलात तोडावी लागली असती. फकीरप्पाने खांदा मध्ये घातला आणि तळमळून म्हणाला, "साहेब, तुम्ही नको, तुमचा सदरा पांढरा आहे." सदऱ्याचं गौडांना पटलं. जिवाचं सांगितलं असतं तर पटलं नसतं.

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याकडे सल्ला फुकट मिळतो, पाणी तेवढं मिळत नाही. ट्रॅक्टरवाला थांबला आणि म्हणाला, ऑइल संपलं. स्कूटरवरचे मास्तर थांबले आणि म्हणाले, डिझेलमध्ये भेसळ. एक जण म्हणाला, कुणाची तरी नजर लागली, आणखी एक कोहळा फोडा. प्रत्येकाला गौडांनी 'तेच मी म्हणतोय' असं उत्तर दिलं. त्यानंतर एक ट्रकवाला आला. तो खाली उतरलासुद्धा नाही. खिडकीतून त्याने एक नजर टाकली आणि हसत सुटला.

"अहो अण्णा, गाडीच्या नाकातोंडात केळी कोंबलीय, ती श्वास कुठनं घेणार? काढा की ते जंगल!"

फकीरप्पाचा जीव कानांत गोळा झाला. परक्या माणसाने सांगितलं, त्याची नोकरी काही गौडांच्या हातात नव्हती. ऐकलं तर सुटलो. पण गौड लालेलाल झाले.

"मी बत्तीस वर्षं इंजिनिअर होतो! तू मला शिकवतोस? काल पूजा झाली, तेव्हा गाडी तापली का? नाही. पानं तीच आहेत की. मग पानांचा काय संबंध?"

काल गाडी अंगणातून हललीच नव्हती. हे ट्रकवाल्याला माहीत नव्हतं, आणि फकीरप्पाला माहीत असायची परवानगी नव्हती. ट्रकवाला म्हणाला, "बरं बुवा, तुमची केळी तुम्हाला लखलाभ," आणि धुरळा उडवत गेला. गौड वळले. "बघितलंस? अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेत सगळे. तुला काय वाटतं रे, पानांमुळे झालं?"

प्रश्न सरळ होता आणि त्याच्या मागे फाटकाबाहेरची पिशवी दिसत होती. फकीरप्पा म्हणाला, "पानांमुळे कसं होईल, साहेब." म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली. अठरा वर्षांच्या विद्येवर तो स्वतःच्या तोंडाने थुंकला होता. पण पोरीच्या बोटांची मिरचीने होणारी आग त्याला त्याहून खरी वाटत होती.

गाडी निवल्यावर बाटल्यांतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतून ते निघाले. गौडांनी हुकूम केला की जोरात चालव, वेळ भरून काढ. फकीरप्पाने जोरात चालवल्यासारखं केलं. काटा सात किलोमीटरांतच परत वर. इंजिन जळालं तर त्याचा दोष; पानं काढली तर त्याचा दोष; पाच वाजून गेले तर मग बघायलाच नको. आणि माणसाचा हात लागता कामा नये.

माणसाचा.

तेवढ्यात पुढच्या गावाची वेस आली. वेशीत मारुतीचं देऊळ, देवळाला लागून चुरमुऱ्यांच्या गिरमिटची टपरी, आणि टपरीपुढे धुळीत बसलेली चार-पाच सुटी गुरं. फकीरप्पाला देव भेटल्यासारखं झालं.

"साहेब," तो म्हणाला, "इथलं गिरमिट म्हणे फार नामी असतं. मिरची भजी तर विचारू नका. पाच मिनिटांत गाडी पण निवेल."

"उशीर होतोय," गौड म्हणाले, पण भज्यांचा वास काचेतून आत आला होता. पुढचं सगळं वासानेच केलं.

फकीरप्पाने गाडी नेमकी गुरांच्या पुढ्यात, त्यांच्या तोंडाला तोंड लावून उभी केली. गौड टपरीच्या बाकावर गाडीकडे पाठ करून बसले. नीलक्का त्यांच्या समोर. फकीरप्पा गाडीजवळ पाणी ओतायचं नाटक करत उभा राहिला आणि गाईंकडे आशेने पाहू लागला. गाई ढिम्म. सणाचा दिवस, सकाळपासून गावातल्या प्रत्येक सायकलीचा हार त्यांच्या पोटात गेला होता. एकीने डोळा उघडला, केळीकडे पाहिलं आणि मिटला. गाढवापुढे वाचली गीता ती वेगळी. इथे गाईपुढे अख्खी केळीची बाग मांडली होती आणि ती रवंथ करत होती.

फकीरप्पा धावत टपरीवर गेला. भजी तळणाऱ्या म्हाताऱ्या अव्वाकडून त्याने मूठभर चुरमुरे घेतले, वर मीठ आणि गुळाचा खडा.

"माझ्यासाठीच," तो म्हणाला.

"गुळासंगट मीठ खातोस?" अव्वाने विचारलं.

"उपास आहे."

परत येऊन तो मोठ्या पांढऱ्या गाईपुढे बसला. ओंजळ तिच्या नाकाशी धरली. ती उठली. तो एक पाऊल मागे सरकला, ती एक पाऊल पुढे आली. असं करत करत त्याची पाठ बंपरला टेकली. गाईने ओंजळ चाटून पुसून साफ केली, आणखी काही आहे का म्हणून मान वर केली, तर समोर उसाचा शेंडा. तिने तो ओढला. उसाबरोबर झेंडू आला, झेंडूबरोबर पान. मग दुसरी गाय उठली, कारण एक खात असताना दुसरीला भूक लागतेच. तिसरीलाही लागली. तारा तटातट तुटल्या.

फकीरप्पा बाजूला सरकला आणि त्याने बाकाकडे पाहिलं. नीलक्का सरळ त्याच्याचकडे बघत होत्या. ओंजळ, गूळ, मागे सरकणं, सगळं त्यांनी पाहिलं होतं. आता एका शब्दात सगळं संपणार होतं.

नीलक्कांनी तोंड वळवलं. "अहो, आणखी दोन मिरच्या घ्या की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि ते कालव्याचं काय सांगत होता मघाशी? पाणी का नाही आलं म्हणे?"

कालव्याचा विषय म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती. पण तिसऱ्या गाईने केळीचा खांबच असा उपटला की बंपर वाजला आणि गौड वळले. 

"अरे! हाड! हाड!" तोंडात भजं, हातात छत्री, असे ते धावले. "गाढवा, बघत काय उभा राहिलास? हाकल!"

"दसऱ्याच्या दिवशी गाईवर छत्री उगारता?" भजी तळणारी अव्वा झारा घेऊन उभी राहिली. "कुठल्या गावचे हो तुम्ही?"

चार माणसं जमली. नीलक्का पुढे आल्या, पदर डोक्यावर घेतला आणि गाईला हात जोडले. "लक्ष्मी स्वतः चालत येऊन नैवेद्य खातेय," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आपल्याच गाडीचा खातेय. केवढं भाग्य." जमलेल्या चौघांनीही हात जोडले. गौडांनी छत्रीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, छत्री काखेत घातली आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांहून भक्तीने, हात जोडले.

जाळी लख्ख मोकळी झाली. गाडी निघाली आणि काटा असा खाली बसला की जणू कधी उठलाच नव्हता. एसीही लागला. गौड दहा किलोमीटर काट्याकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "मला शंका होतीच."

पाचला दहा मिनिटं कमी असताना ते गावच्या माळावर पोहोचले. बन्नीच्या झाडाखाली वाजंत्री थांबून होती आणि अंदानगौड कोयता हातात घेऊन घड्याळ बघत होते. त्यांचा चेहरा पडलेला पाहून चन्नवीरगौडांचं वय दहा वर्षांनी उतरलं. त्यांनी पहिली फांदी तोडली, लोकांनी सोनं म्हणून पानं लुटली, 'बंगारा घ्या, सोन्यासारखे राहू या' म्हणत एकमेकांच्या हातात दिली. मग गौडांनी पारावर बसून कथा सांगायला घेतली. तिच्यात एका गाईने डोंगर उतरून येऊन गाडीचं दुखणं ओळखलं होतं. त्या वाटेवर डोंगर नव्हता.

"आणि हा!" त्यांनी सगळ्या गावापुढे फकीरप्पाकडे बोट केलं. "हा तीन महिने गाडी चालवतोय. मी याला विचारलं, पानांमुळे झालं का? तर म्हणतो, पानांमुळे कसं होईल! एका गाईला कळलं ते याला कळलं नाही!"

सगळा पार हसला. अंदानगौडही हसले, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. फकीरप्पाचे कान तापले. जिभेवर अठरा वर्षं येऊन उभी राहिली. त्याने आभाळाकडे पाहिलं.

"गाय शहाणी असते, साहेब," तो म्हणाला.

"ऐका! कबूल तरी करतो," गौड प्रसन्न होऊन म्हणाले. "आधीचे चौघे दीडशहाणे होते. हा बरा. डोकं कमी आहे, पण उलटून बोलत नाही. जा रे, ठेवला तुला. दिवाळी झाली की बायकोपोरीला घेऊन ये, मागची खोली उघडून देतो."

फकीरप्पा वाकून पाया पडला. वाकताना डोळ्यांत पाणी आलं, ते खोलीमुळे की हसण्यामुळे, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो गाडीपाशी जाऊन जाळीत अडकलेल्या तारा काढू लागला. आता हात लावायला हरकत नव्हती.

नीलक्का बंगारा वाटत वाटत तिथपर्यंत आल्या. त्यांनी दोन पानं त्याच्या तळहातावर ठेवली.

"पोरगी कितवीत?"

"आठवीत बसेल, अक्का."

"हुशार आहे?"

"फार." मग त्याला भीती वाटली आणि तो म्हणाला, "म्हणजे, बरी आहे."

नीलक्का पारावरच्या गर्दीकडे बघत होत्या. तिथे गाय आता बोलू लागली होती. "पुढच्या खेपेला गाय जरा लवकर शोध," त्या म्हणाल्या. "त्या हीटरने माझी पाठ उकडून निघाली."

फकीरप्पाच्या हातातली तार खाली पडली.

"घाबरू नकोस. मी तीस वर्षं या घरात गाईच शोधतेय," नीलक्का म्हणाल्या, आणि उरलेली पानं घेऊन नवऱ्याला बंगारा द्यायला पाराकडे गेल्या.